सॉफ्टवेअर फुकट आहे, मग वेबसाइटचे पैसे कशाचे?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटलं की मराठवाड्यातल्या कॉलेजांत एक धावपळ ठरलेली. स्वयं-अध्ययन अहवाल वेबसाइटवर हवा, दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल हवा, समित्यांची इतिवृत्तं हवीत, आणि सगळं लवकर हवं. मग प्राचार्यांच्या टेबलावर तीन कोटेशनं येतात. एक आठ हजारांचं, एक पंचेचाळीस हजारांचं, एक पावणेदोन लाखांचं. तिन्हींत वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं एक नाव सारखं असतं: वर्डप्रेस. तेवढ्यात संगणकशास्त्राचे एखादे सर सांगतात, "पण वर्डप्रेस तर फुकट असतं." आणि चर्चा तिथेच अडकते. फुकट असेल तर हे लोक पैसे कशाचे मागतात? आणि फुकटातली वस्तू आज ना उद्या बंद पडली तर?

शंका रास्त आहे. सीताफळ थेट ग्राहकाला विकू पाहणारी बीडकडची शेतकरी उत्पादक कंपनी असो, लातूरचा खासगी क्लास असो की एखादी ग्रामपंचायत, प्रत्येकाला ती पडते. त्यात वर्डप्रेसच्या नावावरून अमेरिकेत सुरू झालेल्या कोर्टकज्ज्याच्या बातम्या आल्या आणि गोंधळ आणखी वाढला. तो सोडवायचा तर वेबसाइट मुळात चालते कशी, इथून सुरुवात करावी लागते.

पान आधीपासून तयार नसतं

पूर्वी वेबसाइट म्हणजे फाइलींचा गठ्ठा असे. प्रत्येक पानाची एक एचटीएमएल फाइल. कॉलेजचा फोन नंबर बदलला की साठ फाइली उघडायच्या आणि साठ ठिकाणी तो बदलायचा. त्यासाठी वेबसाइट करणाऱ्याला बोलवायचं, आणि त्याला सवड होईपर्यंत थांबायचं.

आता बहुतेक वेबसाइट अशा चालत नाहीत. मजकूर एका बाजूला डेटाबेसमध्ये साठवलेला असतो: बातम्या, सूचना, प्राध्यापकांची नावं, फोटोंचे तपशील. तो मजकूर कसा दिसायचा, कोणता रंग, कोणता फाँट, मेन्यू कुठे, हे दुसऱ्या बाजूला वेगळं लिहिलेलं असतं. त्याला थीम म्हणतात. वाचकाने पान मागितलं की सर्व्हरवरचा प्रोग्राम डेटाबेसमधून मजकूर उचलतो, थीममध्ये बसवतो आणि त्या क्षणी पान तयार करून पाठवतो. हे सगळं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला सीएमएस म्हणतात, म्हणजे वेबसाइटचा मजकूर व्यवस्थापित करणारी प्रणाली. त्यात नवी सोय हवी असेल, उदाहरणार्थ प्रवेशअर्ज भरून घेणं किंवा पैसे स्वीकारणं, तर तेवढ्यापुरता जो तुकडा जोडतात तो प्लगइन. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात असे साठ हजारांच्या आसपास मोफत प्लगइन आहेत.

या रचनेचा फायदा काय, हे आपल्याकडे २०२३ मध्ये नीट दिसलं. त्या वर्षी फेब्रुवारीत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. सप्टेंबरमध्ये जिल्ह्यांची आणि महसुली विभागाचीही नावं बदलली. ज्यांच्या वेबसाइटवर पत्ता पानापानात लिहिलेला होता, त्यांना प्रत्येक पान उघडावं लागलं. ज्यांनी तो सेटिंगमध्ये एकदाच ठेवला होता, त्यांचं काम पाच मिनिटांत झालं. इथे एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. डेटाबेसमध्ये सरसकट "शोधा आणि बदला" चालवू नये. दहा वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात, जुन्या पदवीपत्रांच्या नमुन्यात, जुन्या कोर्टनिकालांत जे नाव छापलं होतं, ते तसंच राहायला हवं. शिवाय वर्डप्रेस काही सेटिंग साठवताना मजकुराबरोबर त्याची लांबीही लिहून ठेवतं. नाव बदललं आणि लांबीचा आकडा जुनाच राहिला, तर तो भाग पानावरून गायब होतो. जाणकार माणूस हे लक्षात घेऊन खास साधनाने बदल करतो. पंचेचाळीस हजारांच्या कोटेशनमधले काही पैसे अशा जाणकारीचे असतात.

"ओपन सोर्स" म्हणजे नेमकं काय मोकळं?

कोणत्याही सॉफ्टवेअरचा प्रोग्रामरने लिहिलेला एक मूळ मजकूर असतो, त्याला सोर्स कोड म्हणतात. बऱ्याच कंपन्या तो दाखवत नाहीत. चालतं सॉफ्टवेअर तेवढं देतात, तेही त्यांच्या अटींवर. ओपन सोर्समध्ये तो कोड कुणालाही वाचायला, वापरायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळा असतो.

सोयाबीन घेणाऱ्याला हा फरक पटकन कळेल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेलं एमएयूएस-७१ किंवा एमएयूएस-६१२ हे सरळ वाण आहे. एकदा आणलं की त्यातलंच निवडून, गोणपाटात उगवण तपासून, पुढच्या मृगाला घरचं बियाणं पेरता येतं. शेजाऱ्यालाही देता येतं. संकरित कपाशीचं तसं जमत नाही, पाकीट दरवर्षी दुकानातूनच आणावं लागतं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे असं घरचं बियाणं आहे, आणि ते पेरायला कुणाची परवानगी लागत नाही.

वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला ही वेबसाइट चालवणारी तीन नावाजलेली ओपन सोर्स सॉफ्टवेअर. तिन्ही जीपीएल या परवान्याखाली मिळतात. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा आणला. त्यात चार मुभा आहेत: कोणत्याही कामासाठी चालवा, आत डोकावून अभ्यासा, गरजेप्रमाणे बदला, मूळ किंवा बदललेली प्रत वाटा. आणि एक अट: बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर त्यालाही याच चार मुभा द्याव्या लागतील. स्वतःच्या सर्व्हरवर वापरण्यापुरता बदल केला, तर तो जाहीर करायची सक्ती नाही.

या मुभा कागदावरच्या नाहीत. वर्डप्रेस स्वतःच अशा मुभेतून जन्मलं. बीटू नावाचं ब्लॉग चालवण्याचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याच्या मूळ लेखकाचं काम थांबलं होतं. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग हा कॉलेजचा विद्यार्थी आणि इंग्लंडमधले माइक लिटल यांनी त्याचाच कोड घेऊन पुढे काम सुरू केलं आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. जूमलाही तसंच. मॅम्बो या सॉफ्टवेअरच्या प्रोग्रामरांचं ते सांभाळणाऱ्या कंपनीशी पटेना, तेव्हा २००५ मध्ये त्यांनी कोडची प्रत उचलली आणि वेगळी चूल मांडली. याला फोर्क म्हणतात. ड्रुपलची कथा निराळी: बेल्जियममधल्या द्रीस बुयटार्ट यांनी विद्यार्थी असताना ते लिहिलं आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. आज जगातल्या सुमारे ४३ टक्के वेबसाइट एकट्या वर्डप्रेसवर चालतात. भारत सरकारचं खुल्या आकडेवारीचं पोर्टल ड्रुपलवर उभारलं गेलं, आणि सरकारी कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे.

फुकट असणं हा या सगळ्यातला दुय्यम गुण आहे, असं माझं ठाम मत आहे. मुख्य गुण म्हणजे इथून निघून जाता येतं. करून देणारा आवडला नाही, दर परवडला नाही, होस्टिंग कंपनी त्रास देऊ लागली, तर सगळा बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जाता येतं, आणि सॉफ्टवेअर आड येत नाही.

मग पैसे कशाचे?

बियाणं घरचं असलं तरी नांगरट, खत, फवारणी आणि राखण यांचा खर्च चुकत नाही. वेबसाइटचंही तसंच.

पहिला खर्च डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा. डॉट इनचं साधं नाव वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपयांत मिळतं. ते विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं; मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही तर दुसरा कुणी ते घेऊ शकतो. दुसरा खर्च होस्टिंगचा, म्हणजे जिथे फाइली आणि डेटाबेस राहतात त्या सर्व्हरवरच्या जागेचा. लहान संस्थेला वर्षाला काही हजारांत भागतं. वेबसाइटच्या पत्त्यापुढचं कुलूप दाखवणारं सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते, तरी काही कोटेशनांत त्याचे स्वतंत्र तीन-चार हजार लावलेले असतात. ते का, हे जरूर विचारा.

खरा पैसा माणसाच्या कामाचा. मजकूर गोळा करणं, फोटो आटोपशीर करणं, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटांत टाइप केलेल्या फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणणं (हे केलं नाही तर पानावर अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांचा चिवडा दिसतो), कारकुनाला शिकवणं, आणि पुढे वर्षभर अपडेट करत राहणं. आठ हजारांच्या कोटेशनमध्ये शेवटची दोन कामं बहुधा नसतात. पावणेदोन लाखांच्या कोटेशनमध्ये ती असतीलच असंही नाही. म्हणून रकमेआधी ही यादी पाहावी: पहिल्या वर्षानंतर अपडेट कोण करणार, बॅकअप किती दिवसांनी आणि कुठे, बिघाड झाला तर किती वेळात हजर.

एक गोष्ट स्वस्ताईच्या नावाखाली सर्रास चालते. पैसे देऊन मिळणाऱ्या थीम आणि प्लगइनच्या कुलूप काढलेल्या प्रती टेलिग्रामवर आणि इकडेतिकडे फिरतात, त्यांना "नल्ड" म्हणतात. त्यांत पुष्कळदा चोराला वेबसाइटमध्ये शिरायला मागचं दार ठेवलेलं असतं. काही महिन्यांनी गूगलवर कॉलेजचं नाव शोधलं की त्याखाली जपानी मजकुराची किंवा सट्ट्याच्या जाहिरातींची पानं दिसू लागतात. वेबसाइट उघडली तर सगळं जागच्या जागी असतं, त्यामुळे संस्थेला पत्ताच लागत नाही. विद्यार्थ्यांच्या पालकांना आधी कळतं. कोटेशन देणाऱ्याला सरळ विचारावं: थीम कुठून घेतली, तिची पावती आमच्या नावावर आहे का?

किल्ल्या कुणाकडे आहेत?

निघून जाण्याचा हक्क जीपीएलने दिला, पण तो वापरायला किल्ल्या हातात लागतात. आणि आपल्याकडे नेमकं इथेच बिनसतं. डोमेन वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या खासगी जीमेलवर नोंदवलेलं असतं, होस्टिंग त्याच्या दहा गिऱ्हाइकांच्या सामायिक खात्यात असतं, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही. घाईत काम उरकायचं असतं, संस्थेचा अधिकृत ईमेल कुणाला ठाऊक नसतो, म्हणून तो स्वतःचा टाकतो. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो, नूतनीकरणाचा मेल न वाचता पडून राहतो आणि एका सकाळी वेबसाइट उघडत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात असे प्रकार झालेले आहेत. अशा वेळी सॉफ्टवेअर कितीही मोकळं असलं तरी संस्था अडकलेलीच असते.

म्हणून कामाचा शेवटचा हप्ता देण्याआधी चार गोष्टी संस्थेच्या ताब्यात याव्यात. डोमेनची नोंद संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या ईमेलवर. कॉलेजला "डॉट एसी डॉट इन" हवं असेल तर ते एरनेट इंडियाकडून संस्थेच्या कागदपत्रांवर मिळतं, त्यामुळे तिथे हा घोळ तुलनेने कमी होतो. होस्टिंगचं खातं संस्थेचं, बिल संस्थेच्या नावाने. वर्डप्रेसमध्ये संस्थेचं स्वतःचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं. आणि चौथी, सगळ्यांत दुर्लक्षित: पूर्ण बॅकअप, म्हणजे डेटाबेसची प्रत आणि फोटो, पीडीएफ, थीम, प्लगइन असलेला फोल्डर, दोन्ही. नुसता एक असेल तर अर्धी वेबसाइट हाती राहते. ही प्रत संस्थेच्या संगणकावर आणि एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि वर्षातून एकदा ती दुसरीकडे उभी करून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

रोज सूचना टाकणाऱ्या कारकुनाला अ‍ॅडमिनची किल्ली देऊ नये. वर्डप्रेसमध्ये पाच प्रकारची खाती असतात. "ऑथर" खात्यातून स्वतःचा मजकूर टाकता येतो, "एडिटर" खात्यातून सगळ्यांचा मजकूर तपासता येतो. या दोन्ही खात्यांतून प्लगइन उडवता येत नाहीत, थीम बदलता येत नाही. एवढं केलं तरी निम्मे अपघात टळतात.

"कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरालाही दिसणारच ना?"

दिसतो. पण तो दुरुस्त करणाऱ्या हजारो लोकांनाही दिसतो, आणि चूक सापडली की दुरुस्ती सगळ्यांसाठी एकाच वेळी येते. अडचण नंतर सुरू होते: दुरुस्ती जाहीर झाली की नेमकं काय चुकलं होतं तेही जगाला कळतं. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. डेटाबेसला जाणारा प्रश्न बाहेरच्या माणसाला आपल्याला हवा तसा वळवता येत होता. दुरुस्ती त्याच वेळी उपलब्ध होती. तरी दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितलं की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी अपडेट केलं नाही, त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली आहे असंच समजावं. सात तास म्हणजे आपल्याकडे एक कार्यालयीन दिवससुद्धा नाही.

वर्डप्रेसने २०१३ पासून छोट्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसवायला सुरुवात केली, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअर आज बरंच सुरक्षित राहतं. धोका बहुतेक वेळा जुन्या, कुणी न सांभाळलेल्या प्लगइनमधून येतो. वेबसाइटवर तीस प्लगइन असतील आणि त्यांतले बारा कुणाला आठवतच नसतील, तर ते बारा काढून टाकणं हे सुरक्षेचं सगळ्यांत स्वस्त काम आहे.

जुन्या आवृत्तीवर अडकून राहणंही तितकंच महागात पडतं. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्यावरच्या वेबसाइटना पुढच्या आवृत्तीवर जायला बटण दाबून भागत नाही, मजकूर नव्याने स्थलांतरित करावा लागतो. पण कोड मोकळा असल्याने तिथेही आणखी एक वाट निघाली: ड्रुपल ७ च्या धाटणीवरून बॅकड्रॉप नावाचा फोर्क आधीच उभा राहिलेला आहे.

अमेरिकेतलं भांडण आणि आपली वेबसाइट

सप्टेंबर २०२४ मध्ये मॅट मुलेनवेग यांनी वर्डप्रेसचं होस्टिंग विकणाऱ्या डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर जाहीर टीका केली. कंपनी वर्डप्रेसच्या जिवावर भरपूर कमावते, त्या मानाने परत काही देत नाही, आणि "वर्डप्रेस" हे नाव वापरते, असा आक्षेप होता. नावाच्या बदल्यात उत्पन्नाच्या आठ टक्के एवढी मागणी झाली. ती मान्य झाली नाही, तेव्हा डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेसच्या अधिकृत अपडेट सर्व्हरवरून तोडण्यात आलं. त्या कंपनीकडे होस्टिंग असलेल्या गिऱ्हाइकांना अचानक अपडेट मिळेनासे झाले. ऑक्टोबरमध्ये कंपनी कोर्टात गेली. त्याच महिन्यात तिचं एक लोकप्रिय प्लगइन अधिकृत संग्रहात परस्पर ताब्यात घेऊन वेगळ्या नावाने ठेवण्यात आलं. १० डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या संघीय कोर्टाने अंतरिम आदेश देऊन हे सगळं पूर्ववत करायला सांगितलं.

यातून सामान्य वापरणाऱ्याला एक फरक समजून घेता येतो. कोड जीपीएलखाली आहे, तो कुणी काढून घेऊ शकत नाही. पण "वर्डप्रेस" हे नाव ट्रेडमार्क आहे आणि त्याचा मालक वेगळा आहे. अपडेट ज्या सर्व्हरवरून येतात तो कुणाच्या तरी ताब्यात आहे. परवाना या दोन्हींना लागू होत नाही. म्हणजे मोकळ्या सॉफ्टवेअरमध्येही एक अरुंद दार होतं, आणि ते एका माणसाच्या हातात होतं. ही माझ्या मते खरोखर चिंतेची बाब आहे. तिच्यावर उपायही कोड मोकळा असल्यामुळेच सुरू झाला: जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आधाराने फेअर नावाचा प्रकल्प पुढे आला, ज्यात प्लगइन आणि अपडेट एकाच सर्व्हरवर अवलंबून न राहता मिळावेत अशी रचना आहे.

परभणी-हिंगोलीच्या कॉलेजने यासाठी आज काही बदलायची गरज नाही. अधिकृत अपडेट घेत राहावेत, बॅकअप जवळ ठेवावा.

"फेसबुक पान आहे की, वेबसाइट कशाला?"

फक्त आजचा भाव, आजची ऑफर कळवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम पुरतात, आणि छोट्या दुकानदाराने उगाच वेबसाइटच्या खर्चात पडू नये. महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या तयार वेबसाइट-सेवाही वाईट नाहीत; सांभाळायची कटकट नसते. प्रश्न पाच वर्षांनंतरचा असतो. जमलेला मजकूर, गिऱ्हाइकांची यादी, शोधात मिळालेलं स्थान घेऊन तिथून बाहेर पडता येतं का? नॅकची कागदपत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, ग्रंथालयाची सूची, स्थानिक इतिहासाची साधनं अशा वर्षानुवर्षं टिकवायच्या गोष्टी असतील, तर ओपन सोर्स सीएमएसला आजमितीला चांगला पर्याय मला दिसत नाही.

मराठी वेबसाइटची दुखणी कोण शोधणार?

आता वापरण्याकडून घडवण्याकडे. वर्डप्रेसमध्ये "मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन" असं शीर्षक देऊन बातमी टाकून पाहा आणि तयार झालेला पत्ता बघा. तो "मराठवाडा-मुक्तिसंग्राम-द" इथे तुटतो. कारण असं: शीर्षकावरून पत्ता बनवताना वर्डप्रेस २०० चिन्हांची जागा देतं. इंग्रजीला ती मुबलक. पण देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकी तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. "मराठवाडा"ची आठ चिन्हं, "मुक्तिसंग्राम"ची तेरा, दोन जोडरेघा आणि एक "द" मिळून बरोबर २०० भरतात. पुढच्या वेलांटीला जागा उरत नाही. हाच पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते ती याचमुळे. तूर्त उपाय एवढाच की पत्त्याच्या चौकटीत हाताने छोटं रोमन नाव टाकावं.

दुसरं दुखणं आणखी आपलं आहे. "शेतकऱ्यांना" हा शब्द मराठीत दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला "ऱ" आणि हलन्त. दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वेबसाइटच्या साध्या शोधसुविधेला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका कारकुनाने एका कळफलकावर योजना टाकली, वाचकाने मोबाइलच्या दुसऱ्या कळफलकावर तीच शोधली, आणि उत्तर येतं: काहीही सापडलं नाही. तऱ्हा, वाऱ्यावर, कोऱ्या, दौऱ्याचा कार्यक्रम, सगळ्यांचं हेच. हा दोष परदेशात बसलेल्या प्रोग्रामरच्या लक्षात येण्याची शक्यता कमी, कारण त्याला असा "र" रोज लिहावा लागत नाही. दुरुस्ती अवघड नाही. मजकूर साठवण्याआधी आणि शोधशब्द डेटाबेसकडे पाठवण्याआधी एक प्रकार दुसऱ्यात बदलून घ्यायचा. वर्डप्रेसमध्ये अशा ठरावीक टप्प्यांवर स्वतःचं काम अडकवता येईल अशा जागा ठेवलेल्या आहेत, त्यांना हूक म्हणतात. वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं आहे ती पीएचपी येणारा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे छोटं प्लगइन लिहू शकतो.

हात लावायचा तर कुठून?

भाषांतर ही सगळ्यांत जवळची पायरी, तिला कोड लागत नाही. वर्डप्रेसचं मराठी रूप स्वयंसेवकांनी केलेलं आहे. खातं काढून कुणीही भाषांतर सुचवू शकतं, मराठी गटातले संपादक ते तपासून मंजूर करतात, आणि पुढच्या अपडेटमध्ये ते सगळ्या मराठी वापरकर्त्यांपर्यंत जातं. अनेक प्लगइनची भाषांतरं अपुरी असल्याने अर्धी बटणं मराठीत, अर्धी इंग्रजीत अशी स्थिती दिसते. गावातल्या बचत गटाच्या ताईंना दुकानाचं प्लगइन शिकवताना ही अर्धी इंग्रजी बटणं फार अडवतात.

पुढची पायरी तक्रार नोंदवण्याची. "आम्हाला इंग्रजी कुठे नीट येतं" ही भीती विद्यार्थी बोलून दाखवतात. तक्रारीला अलंकारिक इंग्रजी लागत नाही: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आवृत्ती कोणती, आणि एक स्क्रीनशॉट. त्यानंतर दुरुस्तीचा कोड स्वतः सुचवता येतो. तो लगेच घेतला जात नाही. अनुभवी लोक वाचतात, शंका काढतात, चाचण्या मागतात, कधी महिनोन्‌महिने थांबवतात. ही छाननी त्रासदायक वाटते, पण कोणत्याही क्लासमध्ये न मिळणारं शिक्षण तिथे फुकट मिळतं, आणि घेतल्या गेलेल्या प्रत्येक बदलाशेजारी तुमचं नाव कायम राहतं. मुलाखतीला पदवी कोणत्या गावच्या कॉलेजची, यापेक्षा अशी नोंद दाखवता आलेली बरी. २००५ पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोडमध्ये अशा कामाचं मानधनही मिळतं. ड्रुपल आणि जूमला दोन्हींनी त्यात भाग घेतलेला आहे.

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या दोन्ही विद्यापीठांखाली बीसीए, बीएस्सीचे शेकडो विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प सादर करतात, आणि त्यांत तेच ग्रंथालय व्यवस्थापन आणि तेच हजेरीपुस्तक फिरत राहतं. प्राध्यापकांनी त्याऐवजी खरी कामं द्यावीत. दोन प्रकारचा "ऱ" एक करणारं प्लगइन. देवनागरी शीर्षकातून वाचता येईल असा छोटा पत्ता बनवणारं प्लगइन. कृतिदेवमधला मजकूर चिकटवला की तिथल्या तिथे युनिकोड करून देणारा तुकडा, आणि तो जोडाक्षरं चुकवत नाही ना याची चाचणी. तीन विद्यार्थ्यांचा गट, एक सत्र, आणि वापरून बघायला स्वतःच्याच कॉलेजची वेबसाइट.